लहान गठ्ठ्याचे भाडे : बोरघाटापासून डाक निर्यात केंद्रापर्यंत

मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १० नोव्हेंबर १८३० रोजी बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला. इतिहासाच्या पुस्तकांत या घटनेला एखाद-दुसरी ओळ मिळते. खालापूर आणि कर्जत या तालुक्यांच्या दृष्टीने मात्र तो दिवस मोठा होता. त्याआधी घाटात चाकाची गाडी चढवणे हे दिव्यच होते. देशावरचा माल कोकणात उतरे तो बैलाच्या पाठीवरून, आणि कोकणातला माल वर चढे तोही बैलाच्याच पाठीवरून. रस्ता झाल्यावर दोन बैल जेवढे पाठीवर नेत, त्याच्या कितीतरी पट गाडीतून ओढू लागले. भाडे उतरले आणि त्याबरोबर कोणता माल विकण्याजोगा हेही बदलले.

या लेखाचा विषय तो रस्ता नाही, त्या रस्त्याच्या निमित्ताने पडणारा एक जुना प्रश्न आहे. ज्याच्याकडे विकायला थोडाच माल आहे, त्याने तो दूरच्या गिऱ्हाइकापर्यंत परवडेल अशा खर्चात पोचवायचा कसा? आज कर्जत-खालापूर भागात घरबसल्या ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या कोणालाही हा प्रश्न रोज सोडवावा लागतो. बांबूची परडी, गोधडी, मसाले, हाताने केलेले दागिने यांना गिऱ्हाईक न्यू जर्सीत किंवा मेलबर्नमध्ये मिळते. मग समजते की वस्तूच्या किमतीपेक्षा ती पोचवण्याचा खर्च अधिक आहे. हे दुखणे संगणकयुगाचे आहे असे आपण समजतो, पण त्याची मुळे घाटात आहेत.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. एकोणिसाव्या शतकातल्या कर्जतचा शोध घेणारा वाचक सवयीने कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटिअर उघडतो आणि निराश होतो. कॅम्पबेलच्या मालिकेतला कुलाब्याचा खंड १८८३ सालचा आहे, आणि तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होते. ते कुलाब्याला जोडले गेले १८९१ मध्ये. म्हणून बोरघाट, खोपोली, कर्जत यांची माहिती ठाण्याच्या १८८२ च्या खंडात शोधावी लागते. कुलाब्याचे नाव रायगड झाले ते १९८१ मध्ये. जिल्ह्यांच्या सीमा अशा सरकत राहिल्या, पण मालाची वाट बदलली नाही : देश, घाट, खोपोली, पनवेलची खाडी, मुंबई बंदर आणि पुढे समुद्र.

तांड्याचा हिशेब

गाडीरस्त्याआधीची वाहतूक मुख्यतः वंजाऱ्यांच्या तांड्यांची. बैलाच्या पाठीवर पालाण, दोन बाजूंना दोन गोण्या, आणि असे शेकडो बैल एका रांगेत. खाली येताना धान्य, वर जाताना कोकणातले मीठ. या व्यवस्थेचे मर्म परतीच्या ओझ्यात होते. बैल एका दिशेने रिकामा चालला तर भाडे दुप्पट पडणार, म्हणून मीठ आणि धान्य ही जोडी जमली. दुसरे मर्म संख्येत होते. एकटा बैल घेऊन घाट उतरणाऱ्याला रस्त्यात राखण, चारा, जकात, मुक्काम हे सारे एकट्याने सोसावे लागे. तांड्यात तो खर्च वाटला जाई.

भाड्याशिवाय आणखी तीन गोष्टींचे पैसे पडत. जकात ही पहिली. मराठी राज्यात घाटमाथ्यावर आणि नाक्यानाक्यावर ती द्यावी लागे. खोळंबा ही दुसरी. पावसाळ्यात घाट बंदच, आणि खाडीत भरतीची वाट पाहावी लागे. जोखीम ही तिसरी : चोरी, पाऊस, बैलाचा पाय घसरणे. भाडे, कर, खोळंबा आणि जोखीम या चार गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. दोनशे वर्षांनंतरही परदेशी पाठवलेल्या डब्याच्या खर्चात याच चार सापडतात, नावे तेवढी बदलली आहेत.

खोळंबा किती महाग पडतो याचा या घाटातला सर्वांत प्रसिद्ध दाखला लष्करी आहे. रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवायला निघालेली इंग्रजी फौज १७७८ च्या अखेरीस पनवेलहून बोरघाट चढली. सैनिक चार हजारांच्या आत, पण ओझ्याचे बैल १९,००० च्या घरात. सामानाचे हे लचांड ओढत फौज दिवसाला नाममात्र मजल मारत होती. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, आपल्या लोकांचा ‘इष्टुर फाकडा’, मारला गेला आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना नामुष्कीचा तह करावा लागला. त्या पराभवाची कारणे अनेक आहेत. घाटातली मंद वाहतूक हे त्यातले एक.

घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला नाना फडणिसांनी तलाव आणि महादेवाचे मंदिर बांधले. आज तिथे जाणारा ते धर्मकृत्य म्हणून पाहतो. वाहतुकीच्या इतिहासाच्या नजरेने पाहिले तर तो तलाव घाट चढण्याआधी माणसाला आणि जनावराला पाणी देणारा मुक्काम होता. प्रवासाचा काही खर्च त्याने राज्याच्या अंगावर घेतला. सार्वजनिक सोयीचा अर्थ हाच, की ज्याच्याकडे एकच बैल आहे त्यालाही ती मिळते.

रुळांच्या मधली पाच वर्षे

१२ मे १८५६ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खोपोलीपर्यंत आली. १४ जून १८५८ रोजी घाटमाथ्यावरची खंडाळा ते पुणे ही गाडी सुरू झाली. मधला घाट तेवढा राहिला. तो जोडला गेला २१ एप्रिल १८६३ रोजी. म्हणजे जवळजवळ पाच वर्षे अशी गेली की खाली आगगाडी, वर आगगाडी आणि मध्ये बैलगाडी, तट्टू आणि पालखी. पुण्याहून निघालेला माल खंडाळ्याला उतरवायचा, घाटात गाड्यांवर चढवायचा, खोपोलीला पुन्हा उतरवून डब्यात भरायचा. हमाली दोनदा, तुटफूट दोनदा, खोळंबाही दोनदा. वेगवान साधने दोन्ही बाजूंना असूनही मधल्या दुव्याने सगळ्या प्रवासाची किंमत ठरवावी, हा अनुभव त्या काळच्या व्यापाऱ्यांना चांगलाच आला असणार.

घाटातल्या त्या पंधरा-सोळा मैलांसाठी २५ बोगदे खोदावे लागले आणि आठ मोठे पूल बांधावे लागले. चढ ३७ फुटांत एक फूट. १८६१ मध्ये कामावरच्या मजुरांची संख्या ४२,००० पर्यंत गेली होती. पटकी आणि तापाने त्यांतले किती गेले याचा हिशेब त्यांच्या नावानिशी कोणी ठेवला नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात येताच थोड्या दिवसांत वारला आणि त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट पुढे चालवले. हे नाव मुंबईतल्या रेल्वेप्रेमींना माहीत आहे. आपल्या मराठी लेखनात त्या मजुरांना मात्र अजून जागा मिळायची आहे.

घाटाची गाडी सुरू झाली तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला होता आणि मुंबईतल्या कापसाचे भाव आकाशाला भिडले होते. मुंबई बंदराकडे जाणाऱ्या गठ्ठ्यांना याच वेळी हा मार्ग मिळाला. १८६९ मध्ये सुएझ कालवा झाल्यावर युरोप आणखी जवळ आले. पण स्वस्त भाडे सर्वांना सारखे स्वस्त झाले असे मात्र झाले नाही. रेल्वेचे दर बंदराकडे जाणाऱ्या आणि बंदरातून येणाऱ्या घाऊक मालाला अनुकूल असतात, देशांतर्गत मालाला तितके नसतात, ही तक्रार पुढे अनेक दशके चालली. १९१६-१८ च्या भारतीय औद्योगिक आयोगानेही तिची दखल घेतली. गठ्ठे शंभर असतील तर दर वेगळा, एक असेल तर वेगळा. व्यापारी दृष्टीने हे नैसर्गिक आहे. म्हणूनच लहान विक्रेत्याला दुसऱ्या एखाद्या व्यवस्थेची गरज लागते.

टपालाने काय केले

ती व्यवस्था टपालाची. ऑक्टोबर १८५४ पासून हिंदुस्थानात अंतराचा विचार न करता वजनावर टपाल हशील घेण्याची पद्धत सुरू झाली. हलक्या पत्राला अर्धा आणा पडे, मग ते शेजारच्या गावी जावो की कलकत्त्याला. म्हणजे जवळच्या पत्राने दूरच्या पत्राचा भार उचलायचा. डिसेंबर १८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे व्हीपीपी आली. माल पोचल्यावर पोस्टमनने पैसे घ्यायचे आणि विक्रेत्याला पाठवायचे. १८८० मध्ये मनीऑर्डर आली. मराठी वाचकांनी व्हीपीपीचे उपकार विसरू नयेत. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांची पुस्तके आणि मासिकांचे अंक खेड्यापाड्यांत पोचले ते बहुतेक या मार्गाने. दुकानदाराने अनोळखी गिऱ्हाइकावर विश्वास ठेवावा की गिऱ्हाइकाने दुकानदारावर, हा जोखमीचा पेच तिसऱ्या पक्षाने सोडवला. आजच्या ऑनलाइन पेमेंटचे काम त्याहून फार निराळे नाही.

देशाच्या सीमेपलीकडे हेच तत्त्व नेले ९ ऑक्टोबर १८७४ रोजी बर्नमध्ये झालेल्या कराराने. २२ देशांनी जनरल पोस्टल युनियन स्थापली आणि पुढे तिचे नाव युनिव्हर्सल पोस्टल युनियन झाले. हिंदुस्थान तिच्यात १ जुलै १८७६ रोजी सामील झाला. सभासद देशांचा प्रदेश टपालापुरता एकच मानायचा, आणि ज्या देशात तिकीट विकले गेले त्यानेच ते पैसे ठेवायचे, ही मूळ कल्पना. पत्र गेले की उत्तर येते, त्यामुळे दोन्ही बाजूंचा हिशेब आपोआप बरोबरीत सुटतो असे त्यामागचे गृहीत. तांड्याच्या मीठ-धान्यासारखेच हे परतीचे ओझे होते.

पण सर्व देशांमध्ये टपाल सारखे वाहत नव्हते. काही देश पाठवत जास्त आणि काही देशांना वाटावे लागे जास्त. म्हणून १९६९ च्या टोकियो परिषदेत ‘टर्मिनल ड्यूज’ ठरले : पाठवणाऱ्या देशाच्या टपालखात्याने पोचवणाऱ्या देशाच्या खात्याला वाटपाचा मोबदला द्यायचा. विकसनशील देशांसाठी हा मोबदला कमी ठेवला गेला. एकविसाव्या शतकात ऑनलाइन खरेदी वाढली आणि या कमी मोबदल्याचा सर्वांत मोठा फायदा चिनी विक्रेत्यांना झाला. शांघायहून अमेरिकेत पाकीट पाठवणे काही वेळा अमेरिकेतल्या अमेरिकेत पाठवण्यापेक्षा स्वस्त पडू लागले. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने युनियन सोडण्याची नोटीस दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हात खास परिषद भरली आणि लहान पाकिटांच्या वाटपाचे दर देशांना स्वतः ठरवू देण्याचा मार्ग निघाला. अमेरिकेने १ जुलै २०२० पासून तसे दर लावले. भांडण अमेरिका आणि चीनचे होते, पण लहान पाकिटाचा दर वाढला तो भारतातल्या विक्रेत्यालाही.

आजचा डबा

आता एक कल्पित हिशेब मांडू. समजा, कर्जत तालुक्यातल्या एका बचत गटाने बांबूच्या परड्या ऑनलाइन विकायला काढल्या. डबा ३० × २५ × २० सेंटिमीटर, वजन एक किलो दोनशे ग्रॅम. खासगी कुरिअर कंपन्या साधारणपणे तिन्ही मापांचा गुणाकार करून ५,००० ने भागतात. येथे १५,००० भागिले ५,००० म्हणजे ३ किलो. प्रत्यक्ष वजन आणि हे आकारी वजन यांत जे जास्त त्याचे पैसे. परडी पोकळ, म्हणून पोकळीचेही भाडे. एकात एक बसणाऱ्या तीन मापांच्या परड्या केल्या तर त्याच डब्यात तिप्पट माल जातो आणि दर नगामागचे भाडे एकदम उतरते. दुकानाचा नफा इथे कारागिराच्या आखणीत ठरतो. बैलाच्या गोण्या दोन्ही बाजूंना सारख्या भरण्याचे शहाणपण याच जातीचे.

पोस्टाचा रस्ता वेगळा आहे. इंटरनॅशनल ट्रॅक्ड पॅकेट सेवेत २ किलोपर्यंतचे पाकीट जाते आणि त्याचा माग काढता येतो. वेळ कुरिअरपेक्षा जास्त, दर कमी. लहान पाकिटाची लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज ९० सेंटिमीटरच्या आत आणि सर्वांत लांब बाजू ६० च्या आत असावी लागते. आपल्या डब्याची बेरीज ७५, म्हणजे तो बसतो. निर्यातीसाठी आयात-निर्यात क्रमांक लागतो, ज्याची सरकारी फी ५०० रुपये आहे, आणि माल कागदोपत्री ‘पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट’वर दाखवावा लागतो. पूर्वी या कागदासाठी मुंबईच्या परदेशी टपाल कार्यालयाकडे पाहावे लागे. डिसेंबर २०२२ च्या नियमांनी तो ऑनलाइन भरता येऊ लागला आणि त्याच सुमारास देशभर डाक निर्यात केंद्रे सुरू झाली. आज ती एक हजारावर आहेत. पॅकिंग, लेबल, कागद हे तिथेच होते आणि पाकीट एकत्रित पिशवीतून पुढे जाते. खोपोलीचा तलाव आठवावा : घाट चढण्याआधीचा मुक्काम.

समुद्राचा मार्ग तर दाराशीच आहे. न्हावाशेवा बंदर १९८९ पासून रायगडातच चालू आहे, आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूरच्या टोल नाक्यावरून जातो. रोज हजारो कंटेनर ज्या भागातून धावतात, तिथल्या लहान दुकानाचा डबा मात्र विमानाने जातो, कारण वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर जागा असते आणि परड्यांचा एक डबा त्यात हरवून जाईल. अनेकांचा माल एका कंटेनरमध्ये भरण्याची पद्धत आहे, तिचे भाडे घनमीटरवर घेतात. पेणच्या गणेशमूर्ती चतुर्थीच्या कितीतरी महिने आधी समुद्रमार्गे परदेशी निघतात, कारण त्यांची तारीख ठरलेली असते आणि माल एकाच वेळी जमतो. कर्जत-खालापूरच्या पाच-सात बचत गटांनी दिवाळीचा माल जूनमध्ये एकत्र केला तर त्यांनाही हा रस्ता मोकळा आहे. मात्र पलीकडे माल ठेवून गिऱ्हाइकांना वाटणारा कोणी हवा. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांचा विचार या कामासाठी करण्याजोगा आहे.

राहिली जकात. अमेरिकेत २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतचा माल आयात शुल्काशिवाय आत जाई. लहान विक्रेत्याचे सारे गणित या सवलतीवर उभे होते. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सर्व देशांसाठी बंद झाली. शुल्क कोणी गोळा करायचे हेच नीट ठरले नव्हते, त्यामुळे भारतीय टपाल खात्याला २५ ऑगस्टपासून अमेरिकेकडे जाणाऱ्या बहुतेक मालाचे आणि महिनाअखेरीस उरलेल्या टपालाचेही बुकिंग थांबवावे लागले. १५ ऑक्टोबर २०२५ ला सेवा पुन्हा सुरू झाली ती शुल्क इथेच आगाऊ भरण्याच्या पद्धतीने. त्या वेळी भारतीय मालावर हे शुल्क ५० टक्के होते. गणपती आणि नवरात्र गेले, दिवाळी तोंडावर आली, आणि ऐन हंगामाचे सात आठवडे टपालाच्या खिडकीवर माल घेतला जात नव्हता. मोठ्या निर्यातदाराला याची झळ लागते, लहान दुकानाचा मात्र वर्षाचा धंदाच बुडू शकतो. खंडाळा आणि खोपोली यांच्यामधल्या तुटलेल्या दुव्यासारखाच हा प्रकार. दोन्हीकडे यंत्रणा तयार होती, अडले ते मधल्या हस्तांतरात.

बाकीच्या देशांतही लहान पाकिटाची मोकळीक आकसत चालली आहे. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८ पासून एक हजार डॉलरच्या आतल्या आयात मालालाही वस्तू-सेवा कराच्या कक्षेत आणले. ब्रिटनने १ जानेवारी २०२१ पासून आणि युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून लहान पाकिटाची मूल्यवर्धित करातली सूट काढून घेतली. फराळासारख्या खाद्यवस्तूंना अमेरिकेत आगाऊ सूचना द्यावी लागते, आणि बांबूसारख्या वनस्पतिजन्य वस्तूंची ऑस्ट्रेलियात कसून तपासणी होते. म्हणून ‘सर्वांत स्वस्त कुरिअर कोणते’ हा प्रश्न अर्धाच आहे. कोणत्या देशात, कोणती वस्तू, किती वजनाची, आणि शुल्क कोण भरणार, एवढे ठरल्यावर मगच दरपत्रक उघडावे. दुकानाच्या पानावर शुल्काविषयी स्पष्ट लिहिले नाही, तर गिऱ्हाईक दारात पैसे मागितल्यावर डबा नाकारते, आणि परतीचे भाडे दुकानदाराच्या माथी बसते.

साहित्याच्या वाचकांना या हिशेबातली एक बाब जवळची वाटेल. पुस्तकांना टपालात शतकाहून अधिक काळ सवलत होती. नोंदणीकृत बुकपोस्टची स्वतंत्र सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि लहान प्रकाशकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. छापील मजकूर स्वस्तात जावा या तत्त्वावर मराठीतली नियतकालिके जगली. आपला हा अंकदेखील त्याच वाटेने वर्गणीदारांच्या घरी जात आला आहे.

दोनशे वर्षांच्या या वाटेवर लहान गठ्ठा स्वस्तात गेला तो तीनच प्रसंगी. माल इतरांच्या मालाबरोबर जोडला गेला तेव्हा, परतीचे ओझे मिळाले तेव्हा, आणि राज्याने खर्चाचा एक वाटा सार्वजनिक म्हणून उचलला तेव्हा. नुसत्या नव्या यंत्राने तो स्वस्त झाला नाही. रेल्वे आल्यावरही एकट्या गठ्ठ्याचे भाडे चढेच होते, ते उतरवले टपालाने. आज टपालाची ती जुनी आंतरराष्ट्रीय तडजोड उसवत असताना डाक निर्यात केंद्रे टिकावीत, त्यांच्यात कागदपत्रे समजणारी माणसे असावीत, आणि तालुक्यातल्या विक्रेत्यांनी आपापला डबा एकेकट्याने न पाठवता एकत्र पाठवावा, एवढे तरी इतिहासावरून मागता येते.

पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना आजही कर्जत स्थानकात मागून जादा इंजिने जोडतात, कारण ३७ फुटांत एक फुटाचा चढ १८६३ पासून तसाच आहे. खंडाळ्याचा घाट संपला की ती सोडवली जातात. प्रवासी तिकिटावर त्यांचे वेगळे भाडे दिसत नाही. तो खर्च सगळ्यांच्या तिकिटांत वाटला जातो.